कुलूप कोणी लावायचे?

वारंगा फाट्यावर आमच्या ओळखीची जी पन्नास-साठ घरे आहेत, त्यांत स्वतःच्या भिंतीआड राहणारे बोटावर मोजण्याइतके. बाकी सारे भाड्याच्या खोलीत. फाटा म्हणजे मुळात गाव नव्हे, वाटा फुटण्याची जागा. एक रस्ता नांदेडकडे जातो, एक आखाडा बाळापूरवरून कळमनुरी-हिंगोलीकडे आणि एक हदगाव-उमरखेडवरून यवतमाळकडे. वाटा फुटतात तिथे गाड्या थांबतात आणि गाड्या थांबतात तिथे पोट भरायला माणूस येतो. फाट्यावरची खिचडी खायला नांदेड-हिंगोलीचे लोक मुद्दाम गाडी उभी करतात. ती खिचडी शिजवणाऱ्या, ताटल्या विसळणाऱ्या आमच्या बाया, पंक्चर काढणारी पोरे, हळदीच्या हंगामात कुकरवर राबणारे मजूर, ट्रकवरचे क्लीनर, हे सगळे रात्री जिथे पाठ टेकतात त्या दहा बाय बाराच्या पत्र्याच्या खोल्या रस्त्यावरून दिसत नाहीत. दुकानांच्या मागे त्यांची रांग असते.

या खोल्यांचा व्यवहार सगळा तोंडी. महिन्याच्या पाच तारखेला हातात पैसे द्यायचे, मालकाने मोजून खिशात घालायचे. पावती नाही, करार नाही. लाईटचे मीटर मालकाच्या नावावर. अनामत किती दिली हे फक्त दोघांना ठाऊक, आणि भांडण झाले की ते एकालाच आठवते. असे वर्षानुवर्षे चालते, कारण मालकही तिथलाच आणि भाडेकरूही तिथलाच. मग एखाद्या महिन्यात मालक सांगतो, “महिनाअखेर खोली खाली करा.”

अलीकडे हे सांगणे वाढले आहे. तुळजापूर-नागपूर महामार्गाचे चौपदरीकरण निघाले तेव्हा लोहा ते वारंगा आणि वारंगा ते महागाव असे त्याचे टप्पेच पाडले गेले. म्हणजे आमच्या फाट्याचे नाव दिल्लीच्या कागदावर गेले. रस्ता रुंद झाला, जागेला भाव आला. ज्या पत्र्याच्या खोलीचे अठराशे रुपये येतात तिथे शटरचा गाळा काढला तर त्याच्या तिप्पट-चौपट येतील, हा हिशेब मालकाला कोणी शिकवावा लागत नाही. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून आहोत, आम्हालाही तो हिशेब पटतो. प्रश्न एवढाच, की त्या खोलीत जी माणसे आहेत त्यांना बाहेर काढायची रीत कोणती आणि त्यांनी मदतीला कोणाच्या दारात जायचे.

भाड्याची खोली काय असते हे आम्हाला पुस्तकातून कळलेले नाही. नोकरीला लागलो तेव्हा एका तालुक्याच्या गावी आम्ही खोली शोधत होतो. नाव सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला, “आडनाव काय?” आडनाव सांगितले की खोली पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली निघायची. पाचव्या-सहाव्या ठिकाणी एका भल्या दिसणाऱ्या गृहस्थाने काही न विचारता चावी दिली. दुसऱ्या आठवड्यात आम्ही भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर लावली. एक तारखेला ते गृहस्थ आले, तसबिरीकडे पाहिले, भाडे घेतले नाही आणि म्हणाले, “पुतण्या शिकायला येणार आहे, तुम्ही दुसरी बघा.” पुढे चार महिने ती खोली रिकामीच होती. कचेरीत जाता-येता आम्ही पाहत होतो. पुतण्या काही आला नाही.

हे आमच्या पिढीचेच नाही. बाबासाहेब १९१७ साली परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून, दिवसाला दीड रुपया देऊन ते राहिले. दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले डझनभर लोक जिन्यावर आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडा म्हणून धमकावून गेले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला तो माणूस दोन मित्रांकडे आसरा मागायला गेला. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. दोघांनीही टाळले. मग कामाठी बागेत बसून त्यांनी वेळ काढली आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. पुढे त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लिखाणात हे सारे नोंदवले. त्या दिवशी बडोद्यात, ज्याच्याकडे जाऊन सांगावे, “मला असे काढता येत नाही,” असा एकही दरवाजा त्यांच्यासाठी उघडा नव्हता. नंतर वीसेक वर्षे ते मुंबईत परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत राहिले. राजगृह दादरला उभे राहिले ते त्यानंतर. म्हणजे महाडचा सत्याग्रह झाला तेव्हा त्याचा पुढारी भाड्याच्या खोलीत राहणारा होता, हे आमच्या तरुणांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला घेतला तो सांगतो. यात जातीचा प्रश्न नाही, आणि म्हणूनच तो आम्हाला अधिक अवघड गेला.

फाट्यावर एका हॉटेलात भाकरी थापणारी आमची एक भगिनी आहे. नाव लिहीत नाही, ताई म्हणू. नवरा ट्रकवर क्लीनर होता, २०२१ मध्ये वारला. मुलगा दहावीला, मुलगी सातवीला. खोली नवऱ्याने घेतलेली, नऊ वर्षांपासूनची. भाडे अठराशे, अनामत पाच हजार. मालक आमच्याच समाजाचा, विहाराच्या बांधकामाला सिमेंटच्या गोण्या देणारा, भीमजयंतीला पुढे असणारा. माणूस वाईट नव्हे. त्याच्या पोराला मोबाईल दुरुस्तीचे दुकान टाकायचे होते आणि रस्त्याला लागून असलेली ती एकच खोली होती. त्याने दिवाळीला सांगितले, संक्रांतीला सांगितले. ताई म्हणायची, “पोराची दहावी होऊ द्या मामा, मग जाते.” फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने लाईट तोडली. पोरगा हॉटेलच्या ओट्यावर ट्यूबलाईटखाली अभ्यास करू लागला. २४ फेब्रुवारी २०२३, शुक्रवार. ताई कामावरून आली तर दाराला नवे कुलूप. कपडे, भांडी, पुस्तके, दहावीचे हॉल तिकीट सगळे आत. परीक्षा २ मार्चपासून.

आमच्या पत्नीने शनिवारी तिला घरी आणले. चहा पुढे ठेवला तर हात लावीना. म्हणाली, “दादा, मह्या लेकराचं वर्ष गेलं तर मी काय करू? खोली घेऊ द्या त्यांना, पण पुस्तकं तरी द्या म्हणा.” आम्ही विचारले, पोरे कुठे आहेत. पोरगी तिच्याजवळ हॉटेलच्या भटारखान्यामागे झोपली होती, पोरगा मित्राकडे होता.

रविवारी सकाळी वंदना होती. मालक पहिल्या रांगेत, ताई शेवटच्या. बुद्धं सरणं गच्छामि दोघांनीही म्हटले. वंदना संपल्यावर आम्ही विषय काढला. जुनी-जाणती माणसे म्हणाली, घरातले भांडण आहे, चव्हाट्यावर नेऊ नका, समाजाची शोभा होते. मालकानेही पडते घेतल्यासारखे केले. “मी कुठं तिचं सामान खाणार आहे? आत्ता कुलूप काढतो, तिनं सामान काढून घ्यावं, अनामत देतो, विषय मिटला.” सगळ्यांना हे रास्त वाटले. ताईलाही वाटले. ती उठली सुद्धा. आम्ही म्हटले, एक दिवस थांबा. का थांबा, हे आम्हाला त्या घडीला नीट सांगता आले नसते, पण कागदाच्या कामात उभी हयात गेल्यामुळे एवढे कळत होते की सामान बाहेर आले की सांगायला काहीच उरत नाही. दोन-तीन जण रागावले. एक तर आम्हाला म्हणाले, “तुम्हाला पुढारीपण पाहिजे.” असो.

आता मदत शोधायची म्हणजे कुठे, हे सविस्तर सांगतो, कारण वाचकांपैकी कोणावर ही वेळ येईल तेव्हा चपला झिजवण्याचे काम तरी कमी व्हावे.

ग्रामपंचायतीला खोली देण्याचा-घेण्याचा अधिकार नाही. पण तिथे एक उपयोगाची वस्तू असते, नमुना आठचा उतारा. घरपट्टीसाठी केलेल्या आकारणीच्या या नोंदवहीत मालकाच्या नावापुढे भोगवटादाराचा रकाना असतो. तिथे भाडेकरूचे नाव असेल तर तो सरकारी कागदावरचा पुरावा झाला. ताईचे नव्हते. रहिवासी दाखला मात्र मिळाला, आणि पोरांच्या शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर, गॅसच्या पुस्तकावर तोच पत्ता होता. नऊ वर्षे ती तिथे राहते हे त्यावरून सिद्ध होत होते.

तंटामुक्त गाव समितीकडेही लोक जातात. ही मोहीम २००७ साली महात्मा गांधींच्या नावाने सुरू झाली. गावातले तंटे गावात मिटावेत हा तिचा हेतू. दोन्ही बाजू राजी असतील तर तिथे काम होते, एक बाजू अडून बसली तर समितीला जबरदस्ती करता येत नाही. काही म्हातारी माणसे तहसीलला जा म्हणाली. त्यांचे सांगणेही अगदीच हवेतले नव्हते. मराठवाडा निजामाच्या राज्यातून आला, त्यामुळे आपल्याकडे १९५४ चा हैदराबाद भाडे कायदा होता आणि त्यात भाडेनियंत्रकाकडे अर्ज जाई. मुंबईला १९४७ चा वेगळा कायदा, विदर्भाला १९४९ चा वेगळा आदेश. ३१ मार्च २००० पासून हे तिन्ही गेले आणि साऱ्या राज्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू झाला. आता हा विषय दिवाणी कोर्टाचा आहे. तहसीलला जाऊन दिवस मोडू नये.

पोलीस ठाण्यात रविवारी संध्याकाळी लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय अर्ज दिला असे समजूच नये. भाड्याच्या भांडणात ‘ही दिवाणी बाब आहे’ असे उत्तर बहुधा मिळते आणि बऱ्याच अंशी ते खरेही असते. खोली कोणाची हे पोलीस ठरवत नाहीत. पण मारहाण, धमकी, सामानाची नासधूस झाली असेल तर तो गुन्हा आहे आणि तो नोंदवून घ्यावा असा आग्रह धरावा. दलितेतर माणसाने दलित भाडेकरूला बेकायदा हुसकावले असेल तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ यात ‘जागेवरून बेकायदा बेदखल करणे’ आणि ‘घर किंवा गाव सोडायला भाग पाडणे’ ही दोन्ही कलमे आहेत. ताईच्या बाबतीत मालक आपलाच, म्हणून तो मार्ग नव्हता.

उरले एक दार, आणि ते आमच्या बहुतेक लोकांना ठाऊकच नसते. सोमवारी सकाळच्या एसटीने आम्ही ताईला घेऊन कळमनुरीच्या कोर्टात गेलो. आमची एक किरकोळ रजा गेली. कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला १९८७ साली, अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ पासून. त्याच्या कलम १२ मध्ये वकील फुकट कोणाला मिळेल याची यादी आहे. अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, कोणतीही स्त्री, लहान मूल, अपंग, कारखान्यातला कामगार, कोठडीतला माणूस, यांना उत्पन्नाची अट नाही. आपला बौद्ध समाज १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात आला, त्यामुळे जातीचा दाखला असलेला कोणीही बौद्ध माणूस या कायद्याने वकील मागू शकतो. स्त्री असेल तर तो दाखलाही लागत नाही. ताईला हे सांगितले तर तिचा विश्वास बसेना. “फुकटचा वकील काय लढणार?” असे एसटीत तिने दोनदा विचारले. हा संशय आमच्यातही घर करून बसलेला आहे. काही वकील मन लावून करतात, काही करत नाहीत. पैसे घेणाऱ्यांतही तसेच असते.

साध्या कागदावर अर्ज लिहिला. अंगठा नाही, सही केली ताईने, चौथीपर्यंत शिकलेली आहे. समितीने पॅनेलवरच्या एका तरुण वकीलबाई नेमून दिल्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “खोली कोणत्या हद्दीत आहे?” आम्हाला वाटले पोलीस ठाण्याची हद्द. तसे नव्हते. १९९९ चा भाडे कायदा सरसकट प्रत्येक खेड्याला लागू नाही. त्याच्या परिशिष्टात दिलेली गावे-शहरे आणि जिथे जुने भाडे कायदे आधीच लागू होते ती ठिकाणे, एवढ्यालाच तो लागू आहे. ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या खोलीचे भाडे बहुतेक वेळा १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात जाते आणि तिथे महिन्याच्या भाडेकरूला पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेपट्टा संपवता येतो. हे ऐकून आमचा धीर सुटला. मग दिवाळीपासून सांगत असलेला मालकच बरोबर ठरतो की काय?

वकीलबाई म्हणाल्या, “भाडेपट्टा संपवणं वेगळं आणि माणसाला बाहेर काढणं वेगळं.” एवढ्या एका वाक्यासाठी आमची रजा वसूल झाली. तोंडी सांगणे ही नोटीस नव्हे. नोटीस दिली आणि तिची मुदत संपली तरी भाडेकरू निघाला नाही, तर मालकाने कोर्टात दावा करायचा, हुकूम मिळवायचा, मग कोर्टाच्या बेलिफामार्फत ताबा घ्यायचा. मधली पायरी गाळून स्वतःच कुलूप लावण्याचा हक्क मालकाला नाही, मग घर त्याच्या बापजाद्याचे असो. कुलूप लावलेच तर १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ६ प्रमाणे भाडेकरूला ताबा परत मागता येतो. त्या दाव्यात मालकी कोणाची हे कोर्ट पाहतच नाही. ताबा कोणाकडे होता आणि तो कायद्याची रीत सोडून घेतला का, एवढेच पाहते. अट एकच, बेदखल झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा पडला पाहिजे. सहा महिने उलटले की हे कलम गेले. आमचे लोक नातेवाइकांत बैठका घेण्यात आठ महिने घालवतात, मग कोर्टाचे नाव काढतात.

आणि ते सामानाचे. वकीलबाईंनी ताईला विचारले, “सामान आतच आहे ना?” आहे म्हटल्यावर त्या खुर्चीत मागे टेकल्या. सामान आत म्हणजे ताबा तिचाच, कुलूप बेकायदा. रविवारी भलेपणाने सामान उचलले असते तर तिने खोली आपणहून सोडली असे मालकाला म्हणता आले असते. मालकाचे दुसरे म्हणणे होते की खोली मी तिच्या नवऱ्याला दिली होती, तिला नाही. तेही टिकणारे नव्हते. भाडेहक्क वारसाने बायका-पोरांकडे येतो.

त्यांनी तिथूनच मालकाला फोन लावला. आवाज चढवला नाही. दावा आणि मनाई हुकूमाचा अर्ज उद्या दाखल होईल, त्याआधी समितीपुढे येऊन बोलायचे असेल तर या, एवढेच सांगितले. मंगळवारी नोटीस गेली. दुपारी शाळेतून हॉल तिकिटाची दुसरी प्रत मिळाली. मुख्याध्यापकांनी एक शब्द न विचारता सही केली, त्यांचे आभार इथे मानतो. बुधवारी मालक मेहुण्याला घेऊन कळमनुरीला आला. तासभर बोलणे झाले. संध्याकाळी साडेसहाला कुलूप निघाले, आठ वाजता लाईट आली. गुरुवारी पोरगा मराठीच्या पेपरला गेला.

ताईने खोली कायमची राखली असे कोणी समजू नये. समझोता लेखी झाला, तो असा: ३१ मेपर्यंत तिने राहायचे, भाडे दर महिन्याला पावती घेऊन द्यायचे, जाताना पाच हजार अनामत पूर्ण परत घ्यायची. तिने तो पाळला, त्यानेही पाळला. आता ती बाळापूरच्या रस्त्याला एका खोलीत राहते, भाडे दोन हजार दोनशे, हॉटेल अर्धा कोस लांब. पोरगा पास झाला, गणितात काठावर. काही लोक विचारतात, शेवटी खोली गेलीच ना, मग एवढा खटाटोप कशाला? त्यांना आम्ही सांगतो, तीन महिने मिळाले. दहावीचे पेपर त्या तीन महिन्यांत होते.

मालक आणि आमचे बोलणे अजून तुटक आहे. विहारात भेटले की जयभीम होतो, पुढे काही नाही. त्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याला कोणी वेळेवर सांगितले असते की पंधरा दिवसांची लेखी नोटीस दे आणि नंतर कोर्टात जा, तर त्याचेही काम सरळ मार्गाने झाले असते. आपल्यात आता खोल्या भाड्याने देणारेही बरेच झाले आहेत. ही आनंदाचीच गोष्ट आहे. ज्यांच्या बापाला कोणी खोली देत नव्हते त्यांची पोरे आज घरमालक आहेत. मग पावती द्यायला हात का आखडतो, हे आम्हाला समजत नाही.

ज्यांच्या खोल्या नांदेड, हिंगोली, परभणी अशा शहरांत आहेत त्यांना १९९९ च्या कायद्याचे पांघरूण बरेच मोठे आहे. तिथे मालकाने भाड्याची लेखी पावती देणे बंधनकारक आहे. करार लेखी आणि नोंदणीकृत करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे आणि तसा करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, मालकाने उलट सिद्ध करीपर्यंत. भाडे थकले म्हणून दावा करायचा तर आधी नव्वद दिवसांची लेखी मागणी नोटीस लागते. दाव्याचे समन्स आल्यावरही नव्वद दिवसांत सगळी थकबाकी, त्यावर वर्षाला पंधरा टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला तर त्या कारणाने घर जात नाही. पाणी-लाईट तोडणे हा तर त्या कायद्याने गुन्हाच आहे. मात्र अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’च्या कागदावर सही केली असेल तर गोष्ट निराळी. तो भाडेकरू नव्हे, परवानाधारक. मुदत संपली की त्याला जावे लागते. सही करताना वर काय छापले आहे ते वाचावे, वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्यावे.

रस्त्याच्या कडेला सरकारी जागेत टपरी किंवा झोपडी असलेल्यांचा प्रश्न आणखी वेगळा. मुंबईच्या फुटपाथवरच्या लोकांसाठी पत्रकार ओल्गा टेलिस सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९८५ च्या निकालात न्यायालयाने पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो असे म्हटले. जागा कायमची मिळाली नाही, पण नोटीस न देता, म्हणणे न ऐकता काढता येत नाही हे त्यातून पक्के होत गेले. रस्त्याच्या भूसंपादनात दुकान गेले असेल तर २०१३ च्या कायद्यात बाधित कुटुंबाच्या व्याख्येत, जमीन नसलेला पण तीन वर्षे त्या जागी पोट भरणारा भाडेकरूही येतो. मोबदला मालकाचाच, असे समजून आमचे लोक अर्जच करत नाहीत. आणि तीन वर्षांचा पुरावा मागितला की पुन्हा पावतीपाशी येऊन थांबतात.

बाबासाहेब ज्या न्यूयॉर्क शहरात शिकले तिथे २०१७ साली असा कायदा झाला की घर खाली करण्याचा दावा पडलेल्या गरीब भाडेकरूला वकील शहराने द्यायचा. अमेरिकेतले ते पहिले शहर म्हणून त्याचे मोठे कौतुक झाले. आपल्याकडे ही सोय, निदान कागदावर, १९९५ पासून आहे, पण फाट्यावर कोणाला माहीत नाही. विधी सेवेचा मोफत फोन नंबर १५१०० आहे. तो आम्ही विहाराच्या फळ्यावर खडूने लिहिला होता. पावसाळ्यात पुसला गेला, आता ऑईल पेंटने लिहून घेतला आहे.

जून २०२३ पासून विहारात आणखी एक काम सुरू आहे. नांदेडहून कार्बन असलेली दोन पावतीपुस्तके आणली. महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदना झाल्यावर आम्ही सतरंजीवर बसतो. ज्याला भाडे द्यायचे तो येतो, त्याचा मालक आला असेल तर तिथेच पावती फाडतो. नसेल तर भाडेकरू कोरी पावती नेतो, सही घेऊन येतो. पाच हजारांच्या आतल्या पावतीला रेव्हेन्यू तिकीट लागत नाही, त्यामुळे खर्च कागदापुरताच. मालक भाडे घ्यायलाच तयार नसेल तर ते बँकेतून पाठवून त्याची चिठ्ठी जपायची, म्हणजे थकवले असे म्हणायला जागा राहत नाही. सुरुवातीला दोन भाडेकरू आले. त्यांतली एक ताई. आता अकरा येतात. समाजाच्या घरमालकांपैकी तिघे सही करतात, चौथा म्हणतो बघू. दुसरे पुस्तक संपत आले आहे.